वरचं पाव सूत

मास्तरनं मला फसवलं. मी मास्तरला फसवलं नाही. दोन्ही गोष्टी आधीच लिहून टाकतो, कारण सांगलीत काही शहाणे आजही हे उलटं करून सांगतात, आणि त्यातले निम्मे माझ्याकडूनच पत्रे नेऊन घरावर घालून बसलेत.

मास्तर म्हणजे कॉलेजातला प्रोफेसर. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायचो. लिहिताना करणार नाही. तेवढी माझी सूट.

मी रहिमतपूरजवळच्या खेड्यातला. चौथीत शाळा सुटली, म्हणजे मीच सोडली. सांगलीला गुळाच्या बाजारात हमाल म्हणून आलो, हमालाचा तोलार झालो. तोलार म्हणून माझं नाव झालं ते एकाच गोष्टीसाठी. माझं माप झुकतं असायचं. भाव करताना मी समोरच्याचं कातडं सोलून घ्यायचो, पण एकदा भाव ठरला की घेणाऱ्याच्या बाजूचं पारडं खाली टेकल्याशिवाय तराजूवरचा हात काढत नव्हतो. काटा बरोबर मध्ये उभा करून माल देणं म्हणजे पाहुण्याला मोजून भाकरी वाढण्यासारखं. पुढे तराजू सोडून मी भंगाराच्या धंद्यात पडलो आणि लढाई संपल्यावर लष्कराचं उरलंसुरलं लिलावात घेऊन मोठा झालो. बॉयलर, पंप, पाइप, विमानाचे पत्रे. शेजारी बिडाची भट्टी टाकली, दोन लेथ बसवले. धंदा बदलला तरी माप तेच ठेवलं.

आणि अशा माणसाच्या दारात मास्तर आला.

उंच, वाळका, अंगात काळा कोट आणि पँटीच्या उजव्या पायाला घोट्याजवळ सुतळी बांधलेली. सायकलच्या साखळीत पँट अडकू नये म्हणून. पण सायकल नसतानाही सुतळी असायचीच. कॉलेजात शिकवताना असायची, लग्नाच्या पंगतीतही मी पाहिली आहे. कुणी विचारलं तर म्हणायचा, "सोडायला आणि बांधायला रोज चाळीस सेकंद जातात." खिशात साखळीचं घड्याळ. त्याचा तासकाटा मोडलेला. तो त्यानं कधी बसवून घेतला नाही. "तासांशी माझं काही काम नसतं," म्हणायचा. त्यामुळे दहाला बोलावलं तर मास्तर बाराला यायचा, पण आल्यावर चहाला किती सेकंदांत उकळी आली ते सांगायचा.

पहिल्या दिवशी तो माझ्या यार्डात एका बॉयलरभोवती तीन फेऱ्या मारून उभा राहिला.

"किती?" म्हणाला.

"तीनशे," मी म्हणालो. म्हणजे अडीचशे. धंद्यातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

मास्तरनं फीत काढली. लांबी घेतली, घेर घेतला, पत्र्याची जाडी घेतली, वहीत काहीतरी मांडलं. "दोनशे अकरा."

"मास्तर, लष्कराचा माल हाय. दोनशे ऐंशी."

"दोनशे अकरा."

"सत्तर. तुमी शिकलेली माणसं म्हणून."

"दोनशे अकरा."

अर्धा तास मी एकटाच भाव करत होतो. घसा सुकला. सांगलीच्या बाजारात भाव न करणारा माणूस म्हणजे कुस्तीला येऊन मातीत न उतरणारा पैलवान. शेवटी रागानं माझ्या तोंडून गेलं, "न्या! दोनशेला न्या! पण माझ्या डोळ्यांम्होरनं जावा!"

"नाही," मास्तर म्हणाला. "दोनशे अकरा. वजनाला तेवढेच होतात. तुमचं नुकसान मी का करू?"

आणि दोनशे अकरा मोजून गेला. त्या दिवशी मी जेवलो नाही. धंद्यात हरलो असतो तर जेवलो असतो.

मंडईत तर त्याची दहशत होती. भाजीवाली बाई भाजीवर दोन मिरच्या, कोथिंबिरीच्या चार काड्या वर टाकते. सगळ्या मुलखात टाकते. मास्तर घरी जायचा, पिशवी ओतायचा, वरच्या मिरच्या निवडायचा आणि परत द्यायला मंडईत यायचा. एकदा मी तिथंच होतो.

"आवं मास्तर, दोन मिरच्या हायेत! ठिवा की!"

"मी त्यांचे पैसे दिलेले नाहीत."

"म्या मागितलं का?"

"तेच म्हणतो. मागितले नाहीत तर दिल्या कशाला?"

बाई पेटली. पुढच्या वेळी मास्तरनं पावशेर वांगी मागितली तेव्हा तिनं चार वांगी घातली, पारडं जरा खाली गेलं, म्हणून विळीवर चौथं वांगं उभं चिरलं आणि अर्धंच टाकलं. सगळी मंडई हसली. मास्तर मात्र इतका खूश झाला की त्यानं तिला हात जोडले. आयुष्यभर त्याला कुणीतरी असं भेटावं वाटत असणार.

"अंदाज हा आळशी माणसाचा आकडा असतो," असं त्याचं एक वाक्य होतं. माझ्याकडं बघून म्हणायचा.

दुसरा बॉयलर न्यायला आला तेव्हा मी विचारलं, ह्याचं करणार काय?

"वाऱ्याचा बोगदा."

"म्हंजे?"

मग मास्तर बसला आणि त्यानं सांगितलं. पुढे विमानं, अग्निबाण आवाजाच्या कितीतरी पट वेगानं जाणार. तिथं वारा कसा वागतो हे कुणाला नीट माहीत नाही. वस्तू एवढ्या वेगानं पळवून बघता येत नाही, म्हणून वस्तू जागेवर ठेवायची आणि वारा तिच्यावर सोडायचा. विद्यापीठासाठी असं एक मोठं घर बांधायचं, ज्यात वारा आवाजाच्या सातपट वेगानं वाहील. त्याचा नकाशा तो दोन वर्षं काढत होता. विद्यापीठ म्हणत होतं, आधी लहान करून दाखवा.

सातपट! सांगलीत तेव्हा सगळ्यात वेगानं जाणारी गोष्ट म्हणजे गुळाचा भाव पडल्याची बातमी.

"पंखा लावणार?" मी विचारलं.

"पंख्याचं काम नाही. एका बॉयलरमध्ये हवा ठासून भरायची. दुसऱ्यातली काढून घ्यायची. मध्ये एक फट. फटीच्या पुढे जागा रुंद रुंद होत जाते. फट उघडली की हवा धावते."

"रुंद जागेत पळती? आवं, नदी अरुंद जाग्यात पळती."

"आवाजापेक्षा हळू असेल तोवर. एकदा आवाजाच्या पुढे गेली की उलटं होतं. जितकी मोकळी जागा द्याल तितकी जास्त पळते."

हे मला लगेच पटलं. माझा मेव्हणा तसाच आहे.

मी त्याला म्हणालो, तुमचा बोगदा म्हणजे आमच्या हळदीच्या पेवासारखा झाला. तोंड बारीक, आत पोट मोठं. झालं. मास्तरला पेव बघायचं होतं. हरिपूरच्या अंगाला नदीकाठी माझं एक पेव होतं, आणि ते त्याच दिवशी फोडायचं होतं. पेव जमिनीत खणलेलं असतं, हळद भरून तोंड मातीनं लिंपून टाकतात. आत वारा नसतो. उघडल्यावर बराच वेळ तसंच ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणूस उतरतो. कंदील विझला तर माणूस बिडी ओढत बसतो. हे हरिपुरातल्या शेंबड्या पोराला कळतं.

आम्ही तोंड उघडलं आणि कंदील आणायला वळलो. तेवढ्यात मास्तर आत. सुतळी बांधलेला पाय तेवढा मला दिसला.

माझा बाबू मिस्त्री शहाणा माणूस. त्यानं आधीच मास्तरच्या कमरेला दोर अडकवला होता, कारण मास्तरची नजर त्याला ठीक वाटत नव्हती. ओढून बाहेर काढला तेव्हा मास्तर निळा पडला होता. पाणी मारलं, कोट सोडला, वारा घातला. डोळे उघडल्याबरोबर पहिला शब्द, "किती सेकंद?"

"आवं, जीव चाललावता तुमचा!" बाबू ओरडला.

"तो गेला नाही. किती सेकंद होतो मी आत?"

कुणी मोजले नव्हते. मास्तर आमच्यावर आठ दिवस रागावला होता. पण त्या दिवसापासून बोगद्याचं काम माझ्या यार्डात आलं. कॉलेजात जागा नव्हती आणि स्फोटाची भीती सगळ्यांना होती. माझ्याकडं जागा होती, आणि भीती दाखवायची सवय नव्हती.

मजुरी मी घेतली नाही. मी एवढा उदार नाही, हे सांगलीत कुणालाही विचारा. मी दुसरं मागितलं. विद्यापीठाचा मोठा बोगदा मंजूर झाला की त्याचं बीड माझ्या भट्टीत ओतायचं, आणि त्याच्या पोटावर उठावाच्या अक्षरात माझं नाव, खाली सांगली.

"अक्षरं किती उंच?" मास्तरनं विचारलं.

"चार इंच."

"दोन पुरतील."

मी सावध झालो. मास्तर भाव करत होता! "साडेतीन," मी म्हणालो.

"अडीच."

"तीन. ह्याच्या खाली येणार न्हाई."

"तीन," मास्तर म्हणाला, आणि घामेजला. त्याच्या आयुष्यातला हा एकच सौदा. मी त्याला माझ्या पैशानं उसाचा रस पाजला. दोन ग्लास. दुसरा त्यानं परत केला.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. त्या फटीकडे.

मास्तरनं नकाशा दिला. पितळेचे दोन ठोकळे, एकमेकांसमोर, आतली बाजू वळणाची. शेवटाला दोहोंमध्ये अंतर सव्वातीन इंच, आणि सगळ्यात अरुंद जागी पाव सूत. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे सूत. त्याचा पाव. म्हणजे जाड नखाएवढी फट. बाबूनं ती वळणं पुठ्ठ्याचे साचे लावून कानशीनं घासली. पंधरा दिवस घासत होता. पोराच्या बारशालाही गेला नाही.

ठोकळे बसवले आणि मी डोळा लावून बघितलं. मला वाईट वाटलं. दोन वर्षं राबलेला माणूस, दोन बॉयलर, लष्कराचा कॉम्प्रेसर, आणि वाऱ्याला वाट किती, तर नखाएवढी! सातपट धावायचं आहे बिचाऱ्याला. मी पितळेची एक पट्टी शोधली, बरोबर पाव सुताची, आणि वरचा ठोकळा जिथं टेकतो तिथं खाली सरकवली. फट अर्ध्या सुताची झाली.

"शेठ, कागदावर पाव हाय," बाबू म्हणाला.

"कागदाला काय कळतंय? वाटसरूला पाणी पाजताना चूळभर वर देतोच का न्हाई आपण?"

"मास्तर मिरची परत करतोय."

"ही त्येला दिसायची न्हाई," मी म्हणालो.

मी ती पट्टी मास्तरच्या भल्यासाठी घातली. यात फसवणूक कुठं आहे, दाखवा.

सकाळी चाचणी होती. हवा सोडण्याआधी ती तापवायची होती. एवढ्या वेगानं पसरली की ती गारठते म्हणे, हिमालयापेक्षा गार. म्हणून मीच गुऱ्हाळासारखं चुलवाण बांधून दिलं होतं, त्यातून पाइपाची वेटोळी नेली होती. बाबू खाली उसाची चिपाडं सारत होता. आख्खी गल्ली भिंतीवर बसली होती. ठोकळ्यांच्या पुढे काचेची खिडकी, आत पितळेची बारीक सुई. एक दिवा, एक आरसा आणि दाढीचं पातं असं काहीतरी मांडून मास्तर पांढऱ्या कागदावर त्या सुईची सावली पाडत होता. वारा आवाजाच्या पुढे गेला की सुईच्या टोकापासून दोन रेघा फुटतात. रेघा जितक्या मिटलेल्या तितका वेग जास्त.

मास्तरनं घड्याळ हातात घेतलं आणि म्हणाला, "सोळा सेकंद. त्यानंतर रिकामा बॉयलर भरेल."

झडप उघडली. असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. शेजारची म्हैस दावं तोडून कृष्णेकडं पळाली. कागदावर सुईच्या टोकापुढे दोन काळ्या रेघा उभ्या राहिल्या, जशा आखणीच्या पेनानं ओढल्या आहेत. आणि आवाज बंद पडला.

"आठ," मास्तर म्हणाला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर घड्याळाकडंच बघत होता. "सोळा पाहिजेत. आठ म्हणजे निम्मे. निम्मे म्हणजे फट दुप्पट." मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. माझ्यासारख्या तोलाराची चोरी कुणी काट्यावर पकडली नव्हती. ह्यानं घड्याळावर पकडली.

"काय घातलंत?"

"पट्टी. पाव सुताची. वरची."

मास्तर ओरडला नाही. ओरडला असता तर मीही ओरडलो असतो आणि बरं वाटलं असतं. त्यानं ठोकळे उघडले, पट्टी काढली, कोटाच्या बाहीला पुसली आणि टेबलावर ठेवली. जशी मिरची ठेवायचा तशी. सुईच्या रेघांचा कोन मोजून म्हणाला, "सहा. सातच्या जागी सहापट."

दुसऱ्या दिवशी पट्टीशिवाय चाचणी. सोळा सेकंद बरोबर भरले. पण कागदावर रेघा नाहीत. खिडकीत धुकं. दुधासारखं पांढरं. सोळाही सेकंद धुकंच.

"हे काय?" मी विचारलं.

मास्तरनं काचेवरून बोट फिरवलं. मग हळू म्हणाला, "हवा. हवाच इतकी गारठली की तिचे थेंब झाले."

"मंग आणि तापवा."

"तुमचं चुलवाण याच्या पुढे तापत नाही."

"चुलवाण तुमच्या मापानं बांधलंय, मास्तर."

"हो," मास्तर म्हणाला. "तेच."

त्याचं गणित चुकलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा, निदान माझ्यादेखत. पाव सुतानं हवेचं पाणी होत होतं. माझी पट्टी घातली की वेग सहावर येत होता, हवा हवा राहत होती आणि रेघा दिसत होत्या. मास्तरनं टेबलावरची पट्टी उचलली आणि स्वतःच्या हातानं परत बसवली. मला बघून म्हणाला, "तुमच्या झुकत्या मापानं वाचवलं." बाबू साक्षीदार आहे.

चार दिवसांनी विद्यापीठाची तीन माणसं आली. माझ्या घरी पुरणपोळी झाली. त्यातल्या मोठ्या साहेबानं पाच खाल्ल्या आणि चाचणीच्या वेळी कानात बोटं घालून उभा राहिला. रेघा बघून तिघंही खूश. मोठ्या साहेबानं कोन मोजायला लावला. "सहा? नकाशात सात आहे."

मास्तरनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता सांगेल. तो म्हणाला, "कारण अहवालात लिहीन."

मी मोल्डिंगवाल्याकडून तीन इंची अक्षरांचे लाकडी साचे करून घेतले. माझ्या नावाचे सगळे, आणि सांगलीचे.

मास्तर त्यानंतर कॉलेज सोडून साताऱ्याला आपल्या घरी गेला. वर्ष गेलं. मग कॉलेजातल्या एका कारकुनाकडून कळलं की योजना पसंत पडली आहे, पण ठोकळे आणि बीडकाम परदेशातून आणायचं ठरतंय. मी त्याच्याकडून अहवालाची नक्कल मिळवली आणि वकिलाला वाचायला लावली. इंग्रजीत होती. वकील वाचत गेला, मी तंबाखू मळत होतो. एका ओळीवर तो अडखळला.

"वाचा," मी म्हणालो.

"स्थानिक कारागिराच्या निष्काळजीपणामुळे फट दुप्पट झाली. काम अचूक झाले असते तर सातपट वेग मिळाला असता."

मी ती ओळ तीनदा वाचून घेतली. चौथ्यांदा वकील म्हणाला, "तीच आहे हो."

धुक्याचा शब्द नव्हता. कागदावर दुसऱ्या दिवशीची चाचणी झालीच नव्हती. नखाएवढ्या फटीतून मास्तरचं गणित साजूक निघालं होतं आणि माझं नाव आत अडकलं होतं.

मी सकाळची गाडी पकडली. रहिमतपूर स्टेशन आलं तरी खिडकीतून गावाकडं बघितलं नाही. सातारा रोडला उतरलो, मोटारीनं साताऱ्याला गेलो. मास्तर ओसरीवर बसला होता. पायाला सुतळी होती. मी चपला काढल्या नाहीत.

"मास्तर, धुकं कुठं गेलं?"

त्याला कळलं. "बसा," म्हणाला.

"बसायला आलो न्हाई. धुकं कुठं गेलं?"

"धुक्याचं लिहिलं असतं तर योजनाच बंद झाली असती. त्यांनी म्हटलं असतं, ह्याला गणित येत नाही. चुलवाणाऐवजी चांगली भट्टी लावली की धुकं जाणारच आहे. मला फक्त वेळ हवा होता."

"मग तसं लिवायचं. भट्टी बारीक पडली म्हणून."

"भट्टीचं गणित माझं होतं."

"आणि निष्काळजीपणा माझा?"

"तुम्ही पट्टी घातली होतीत," मास्तर म्हणाला. हळूच म्हणाला, पण म्हणाला. "खोटं एक अक्षर नाही त्यात."

"आणि तुमी ती काढलीसा आणि परत घातलीसा! तुमच्या हातानं! त्येचं अक्षर कुठाय? पंधरा दीस बाबू त्यो ठोकळा घासत हुता, त्यो निष्काळजी? मी चाळीस वर्सं माप घातलंय, मास्तर. कमी कुणाला घातलं न्हाई. आन् तुमी माझ्या मापावर लिवलंसा? इंग्रजीत?"

माझा आवाज गल्लीत गेला असणार, कारण समोरच्या खिडक्या उघडल्या. मास्तरची बायको आतून आली. वाईची बाई, हातात पाण्याचा तांब्या. तिनं सगळं ऐकलं होतं. तांब्या माझ्यापुढे ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, "दोन मिरच्या परत करायला तुम्ही उन्हातान्हात मंडईत जाता. आणि यांचं ठेवून घेतलंत होय?"

मास्तर उठला. आतून एक जाड पुस्तक घेऊन आला. त्यात खुणेला माझी पट्टी होती. पितळेची, पाव सुताची. बोगदा मोडला तेव्हा त्यानं ती ठेवून घेतली होती. माझ्यापुढं धरली.

"पट्टी नको," मी म्हणालो. "ओळ खोडा."

"कागद त्यांच्या कपाटात आहे. मला खोडता येत नाही." पट्टी पुस्तकात परत ठेवून म्हणाला, "पत्र लिहीन. धुक्यासकट."

"कवा?"

मास्तरनं घड्याळ काढलं, बघितलं आणि परत ठेवलं. त्यावर तास नव्हतेच.

मी पाणी न पिता आलो. ह्याचं मला आता वाईट वाटतं. बाईंनी आणलं होतं.

दोन वर्षांत मास्तर वारला. मी साताऱ्याला भेटायला गेलो. चपला काढल्या, बसलो, पाणी प्यालो. बाईंना विचारायचं नव्हतं, पण विचारलं. पत्र गेलं का?

"गेलं," बाई म्हणाल्या. "तुम्ही येऊन गेलात त्याच आठवड्यात. स्वतः पोस्टात गेले. तिथं वजन पावणेदोन तोळे भरलं म्हणून दुप्पट तिकीट लावावं लागलं. तो काटा बरोबर नाही म्हणून परत तोलायला लावलं. घरी येऊन दिवसभर चिडचिड."

"एकच कागद हुता?"

"एकच. मी पाहिला होता."

आणि पुस्तकातली पट्टी? बाईंनी पुस्तक आणलं, झटकलं. पट्टी नव्हती.

एक कागद आणि पाकीट मिळून अर्ध्या तोळ्यावर जात नाही. मी तोलार आहे, हे मला कुणी शिकवू नये. उरला सव्वा तोळा. घरी येऊन मी तसल्याच पितळेची तेवढीच पट्टी कापून तराजूत टाकली. सव्वा तोळा. काटा बरोबर मध्ये उभा राहिला, आणि जन्मात त्या एकदाच मी पारडं झुकवलं नाही.

तेव्हा मास्तरनं परत केलं. उशिरा केलं, चुकीच्या दारात केलं, पण केलं. म्हणून पहिल्या ओळीतलं फसवणं मी त्याच्या नावावर अर्धंच ठेवतो. उरलेलं अर्धं विद्यापीठाच्या कपाटावर.

त्यांनी मोठा बोगदा बांधला की नाही, मला कुणी कळवलं नाही. ते राहू द्या. तीन इंची अक्षरांचे साचे अजून माझ्या माळ्यावर आहेत, वाळवी लागलेली नाही. मला एवढंच विचारायचं आहे. साताऱ्याहून दुप्पट तिकिटाचं पाकीट आलं होतं. ते कुणी फोडलं? धुक्याचं वाचून कुणी घडी घातली? पट्टी हातात घेऊन कुणी विचार केला, की हे काय आहे, आणि कुणी खणात टाकली? मी विद्यापीठाला तीन पत्रं घातली, तिन्हींना उत्तर नाही. पाच पुरणपोळ्या खाणारा माणूस अजून तिथं असेल तर त्यानं बोलावं. ती ओळ तरी खोडा, नाहीतर माझं पाव सूत परत करा. मी ते मास्तरला दिलं होतं, तुम्हाला नाही.

कोण देतंय, बोला.